एकच चौकोन

बाई: ते राहू दे. किती वेळा?

मुलगी: काय किती वेळा, बाई?

बाई: त्याचा निकाल खोटा पडेपर्यंत किती वेळा करून पाहिलंस, ते विचारतेय.

मुलगी: पडला ना पण शेवटी. हा शेवटचा तक्ता बघा. आपल्या विभागातल्या सीनियर दादाच्या थिसिसमध्ये काय लिहिलंय? आईशी जितकी जवळीक, तितकी परीक्षेची भीती कमी. आणि माझ्या तक्त्यात तो संबंधच नाही. त्याचाच डेटा आहे, प्रॅक्टिकलसाठी तुम्हीच दिलेला. उद्या त्याच्या उघड्या व्हायवात, सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेत, मी उठून एवढंच विचारणार की हा संबंध गेला कुठे.

बाई: शेवटचा तक्ता बघितला मी. त्याच्या आधीचे कुठे आहेत?

मुलगी: आधीचे आणले नाहीत.

बाई: का गं?

मुलगी: त्यात काही विशेष नव्हतं.

बाई: म्हणजे त्यात त्याचा निकाल शाबूत होता. बोल ना. आधी सगळ्यांचा मिळून केलास, काही झालं नाही. मग मुलं वेगळी, मुली वेगळ्या केल्यास. मग?

मुलगी: मग फक्त हॉस्टेलवाले घेतले.

बाई: मग?

मुलगी: मग भीतीचे सगळे प्रश्न न घेता पहिले अर्धेच घेतले. मग ज्यांनी फॉर्ममध्ये एखादा प्रश्न सोडला होता, ते सगळे काढून टाकले. तेव्हा पडला.

बाई: हवं ते मिळेपर्यंत चाळण्या बदलत राहिलं की शेवटी हवं तेच हाती लागतं, आणि म्हणून त्याला पुरावा म्हणत नाहीत. हे कुणी लिहिलं होतं, आठवतं का? मागच्या पेपरात तूच. अर्धं पान भरून. मी शेजारी 'छान' असं लिहिलं होतं.

मुलगी: आठवतं.

बाई: मग ते छान कुठे गेलं?

मुलगी: बाई, तुम्हाला खरं सांगू? मला पुरावा नकोच होता. मला तो पडलेला हवा होता. पहिल्या वर्षी मी तुमच्या विषयात नापास झाले, तेव्हा सगळे म्हणाले, सोड, समुपदेशनाकडे जा, आकडे तुझं काम नाही. मी सोडलं नाही. सकाळी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, पेशंट नसला की टेबलाखाली तुमचं पुस्तक. सरासरी, मध्यक, विचलन, एकेक गोष्ट मी दात ओठ खाऊन शिकले. तुम्हाला वाटलं, पोरीला गोडी लागली.

बाई: वाटलं खरं. स्टाफरूममध्ये सांगितलंही चारचौघांना.

मुलगी: गोडी नव्हती. मला त्याचा थिसिस फाडायचा होता, आणि तो तुमच्याच विषयाने फाटतो, असं मला वाटलं होतं.

बाई: फाटत नाही. मी त्याची गाइड आहे, आणि एवढी काही डोळे मिटून बसलेली नाही. डेटा गोळा करायच्या आधी त्याने प्रस्तावात नियम लिहून दिला होता, अमुक मर्यादेपलीकडचा स्कोअर वगळायचा. एकच स्कोअर पलीकडे गेला, तो वगळला. तो परत घातला तरी निकाल हलत नाही. मी स्वतः घालून पाहिलाय.

मुलगी: मीही पाहिलाय.

बाई: मग तुला माहीतच आहे. तो ठिपका असला काय नि नसला काय, त्याच्या थिसिसला फरक पडत नाही.

मुलगी: तेच तर, बाई. फरक पडत नव्हता, तर भर वर्गात पडद्यावर दाखवला कशाला?

बाई: वगळलेला दाखवायचा अशी पद्धतच आहे. लपवला तर तू आत्ता लपवला म्हणून ओरडली असतीस.

मुलगी: ठीक आहे. दाखवला. आता थिसिसची प्रत तुमच्या पुढ्यातच आहे, तो ग्राफ काढा. काढलात? त्यात ठिपके कोणत्या आकाराचे आहेत?

बाई: गोल आहेत. आणि त्रिकोण. गोल म्हणजे हॉस्टेलवर राहणारे, त्रिकोण म्हणजे घरून येणारे. खाली लिहिलंय की.

मुलगी: आणि तो वगळलेला? एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब?

बाई: तो चौकोन आहे.

मुलगी: चौकोन म्हणजे काय लिहिलंय खाली?

बाई: नोकरी करून शिकणारे.

मुलगी: आमच्या वर्गात नोकरी करून शिकणारं कोण होतं, बाई?

बाई: थांब जरा.

मुलगी: थांबलेच आहे मी. तेव्हापासून.

बाई: म्हणून तुला चौकोन म्हणतात?

मुलगी: तुम्हाला काय वाटलं होतं?

बाई: मला वाटलं, चष्म्यावरून. तुझी फ्रेम चौकोनी आहे म्हणून. अगं, मी स्वतः तुला एकदा हाक मारली होती त्या नावाने.

मुलगी: दोनदा. एकदा लायब्ररीच्या दारात आणि एकदा ओरल चालू असताना.

बाई: त्याने वर्गात नाव घेतलं होतं तुझं?

मुलगी: नाव घ्यायची गरज होती का? पहिल्या वर्षाला आम्हा सगळ्यांना सीनियर लोकांच्या अभ्यासात फॉर्म भरायला लागतात, त्याचेच मार्क असतात. फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलेलं, उत्तरं गुप्त राहतील. मी बावळट, खरं मानलं. आईजवळ असलं की सुरक्षित वाटतं का? अजिबात नाही. मनातलं आईला सांगता येतं का? अजिबात नाही. वरपासून खालपर्यंत अजिबात नाही. मग महिन्याभराने तो आमच्या वर्गावर ग्राफ शिकवायला आला, तुम्ही रजेवर होतात. पडद्यावर हाच ग्राफ. म्हणाला, बघा मुलांनो, सगळ्या जगाला आई हवी असते, एका चौकोनाला सोडून. पोरं हसली. मग कुणीतरी खालची ओळ वाचली. आणि मग सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

बाई: आणि तो?

मुलगी: तो पुढची स्लाइड लावत होता.

बाई: तू खोटं भरलं असतंस, रागाच्या भरात, तर गोष्ट वेगळी…

मुलगी: खोटं नव्हतं ते. त्या दिवसापुरतं अगदी खरं होतं. आदल्या दिवशी आईने मला न विचारता दवाखान्यात जाऊन सांगून टाकलं होतं की ही आता पूर्ण दिवस येईल, कॉलेज बंद. डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा कळलं. रात्रभर भांडलो आम्ही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला आले, समोर हा फॉर्म. आठवडाभराने भरला असता ना, बाई, तर मी पण त्या घोळक्यातला एक ठिपका झाले असते. आठवडाभराने आईच डॉक्टरांकडे जाऊन म्हणाली होती, शिकू दे तिला. पण तो काही परत विचारायला आला नाही. एकदाच मोजलं आणि माप कायमचं झालं.

बाई: घरी कळलं?

मुलगी: वर्गातली एक मुलगी आमच्याच गल्लीत राहते. तिच्या आईने बाह्या सैल करायला ड्रेस टाकला होता आमच्याकडे. आई शिवणकाम करते. ड्रेस न्यायला तिची आई आली आणि माझ्या आईला म्हणाली, शिकवून काय मिळतं हो, तुमची मुलगी कॉलेजात लिहून देते की आई नको म्हणून, पोरं तिला चौकोन म्हणतात.

बाई: अरे देवा.

मुलगी: आई मला काही बोलली नाही. नुसती बोलली असती, एक कानाखाली दिली असती, तरी चाललं असतं. तेव्हापासून ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. पंखा लावू का, विचारते. तुझ्या कपाटात हे ठेवू का, विचारते. स्वतःच्या घरात, बाई. मी झोपले असले तर मशीन चालवत नाही, खिडकीपाशी बसून हाताने टाके घालते. मी हजारदा सांगितलं की त्या फॉर्मचं काही खरं नाही. ती मान हलवते आणि म्हणते, तू शिकलेली आहेस, तू लिहिलंस तर असेल.

बाई: पाणी घे.

मुलगी: नको.

बाई: घे गं. मी विभागात इतकी वर्षं शिकवतेय, गुप्तता म्हणजे काय यावर दरवर्षी लेक्चर देते. नाव खोडलं म्हणजे झालं नाही, वर्णनावरून माणूस ओळखू आला तरी ती फोडलीच म्हणायची. फळ्यावर लिहून देते मी हे.

मुलगी: आणि या पानावर तुमची सही आहे.

बाई: हो.

मुलगी: तुम्ही हा ग्राफ तपासला होता.

बाई: तपासला ना. पेन्सिलीने शेरेही मारले. अक्षांची नावं मोठी कर म्हणाले. चौकोन फिका दिसतोय, गडद कर म्हणाले. गडद कर म्हणून मी सांगितलं, पोरी.

मुलगी: मला माहीत नव्हतं हे.

बाई: आता झालं. हे बघ, मी आज त्याला बोलावते. ग्राफ बदलायला लावते, सगळे ठिपके एकाच आकाराचे. तुझी माफी मागायला लावते, माझ्यासमोर.

मुलगी: या खोलीत.

बाई: या खोलीत.

मुलगी: दार लावून. हसले सगळ्यांसमोर आणि माफी दार लावून? नको मला. ग्राफ बदलाल तुम्ही, पण माझ्या वर्गाच्या डोक्यातून तो कसा काढणार? आईच्या डोक्यातून?

बाई: मग तुला काय हवंय?

मुलगी: उद्या त्याची आई येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार. थिसिस तिला अर्पण केलाय त्याने, वाचलंत ना पहिलं पान? माझ्या आईने माझ्याबद्दल स्वतःच्या घरात, गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं. त्याच्या आईनेही ऐकावं. हॉलमध्ये, माइकवर. मला एवढंच हवंय. चांगलं नाहीये, मला कळतं. पण हवंय.

बाई: विचारलंस तर सगळ्यांना पुन्हा कळेल की तो चौकोन तू आहेस. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही.

मुलगी: म्हणून तर आकड्यांनी मारायला निघाले होते. आकड्यांनी पडला असता तर मला माझं काही सांगावं लागलं नसतं.

बाई: आणि माझं नाव निघेल.

मुलगी: निघेल. मी काढणार नाही, पण निघेल.

(दारावर टकटक होते आणि दादा लॅपटॉप काखेत घेऊन आत येतो.)

दादा: बाई, दोनच मिनिटं हं. अरे, चौकोनही इथेच? बेस्ट. बाई, तालीम केली आत्ता, स्लाइड जास्त होतायत. वेळेत बसत नाहीये. बाहेरचे परीक्षक घड्याळ काढून टेबलावर ठेवतात म्हणे.

बाई: ठेवतात.

दादा: मग काहीतरी उडवायला हवं. मला वाटतं, हा वगळलेल्या स्कोअरचा ग्राफ उडवतो. तसा निकालात त्याचा काही रोल नाही. थिसिसमध्ये आहेच छापलेला, कुणाला बघायचा तर बघेल. उडवू की ठेवू?

मुलगी: दादा, एक विचारू?

दादा: विचार की. नाहीतरी मला तुझ्याशी बोलायचंच होतं. आधी तू.

मुलगी: मला सगळे चौकोन का म्हणतात हो?

दादा: हे काय आता? म्हणतात सगळे, म्हणून मीही म्हणतो. प्रेमाने गं. तुझ्या चष्म्यावरून ना?

मुलगी: पहिल्यांदा कुणी म्हटलं, आठवतं?

दादा: मला काय माहीत? मी आलो तेव्हा तू चौकोनच होतीस. का, चिडलीस का? बरं, उद्यापासून नाही म्हणणार, बास? आता माझं ऐक. उद्या मार्गदर्शकांचं, परीक्षकांचं झालं की हॉलमधून प्रश्न मागवतात. आणि हॉलमध्ये सगळे ढिम्म बसतात, फार वाईट दिसतं. आई येतेय माझी. म्हणून आपल्यातल्या एकदोघांना सांगून ठेवतात, सगळेच करतात तसं. तू आकड्यांत हुशार झालीयस आता. तू उठून एखादा प्रश्न विचारशील का? तेवढं जरा वजन पडेल.

मुलगी: मी?

दादा: कठीण नको हं. उगाच हुशारी नको दाखवूस. सोपासा, पटकन उत्तर देता येईल असा.

मुलगी: अगदी सोपा विचारते. शाळेतल्या मुलालाही येईल.

दादा: वा. कशावर विचारशील? म्हणजे मी तयार असेन.

मुलगी: या ग्राफवरच विचारते की. पण तुम्ही तर तो उडवताय.

दादा: असं होय? मग ठेवायला हवा. बाई, तुम्ही सांगा. ही म्हणतेय ठेवा.

बाई: तू काय म्हणतेस गं? नीट विचार करून सांग. तो दिसणार आहे तो तुझ्या प्रश्नासाठीच.

मुलगी: ठेवायचा, बाई.

दादा: मग वेळेचं काय करू?

बाई: आभाराची स्लाइड उडव. आभार तोंडाने मान.

दादा: त्यात तुमचा फोटो आहे, बाई. सगळ्यात वर.

बाई: तोच उडव. आणि हा ग्राफ ठेव. आहे त्यापेक्षा मोठा कर, पडदाभर. मागच्या रांगेलाही आकार ओळखू यायला हवेत.

दादा: ओके. तुम्ही म्हणाल तसं. चला, मी पळतो, हॉलचा माइक बघायचाय, मागच्या वेळी खरखरत होता. थँक यू हं चौको… सॉरी. थँक यू.

बाई: दार ओढून घे जाताना.

मुलगी: त्याला आठवतसुद्धा नाही, बाई.

बाई: ऐकलं मी.

मुलगी: मी मनात म्हणत होते, त्याला आठवलं, जीभ जरी चावली त्याने, तरी मी इथेच सांगून टाकेन. ग्राफ उडवा म्हणेन. खरंच म्हटलं असतं.

बाई: मीही वाट बघत होते.

मुलगी: अजून फोन करून काढायला सांगू शकता तुम्ही.

बाई: शकते. तू वाचशील, तो वाचेल.

मुलगी: तुम्हीही वाचाल.

बाई: आणि पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी एखाद्या वर्गावर ग्राफ लावेल, आणि मी म्हणेन अक्षांची नावं मोठी कर. नको. परीक्षक माझ्याकडे वळले तर मी सांगेन, सही माझी आहे. तुझा प्रश्न तू विचार. फक्त तो चाळणीतून काढलेला तक्ता इथे ठेवून जा. त्यातलं अक्षर जरी बोललीस तर तो निसटेल, आणि त्याचं बरोबर असेल.

मुलगी: ठेवला.

बाई: घरी काय सांगणार आहेस?

मुलगी: आज जाऊन आईला सगळं सांगणार आहे. त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी तो फॉर्म भरला, तेही. आणि उद्या मी हॉलमध्ये काय विचारणार तेही. तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको पुन्हा.

बाई: ती नको म्हणाली तर?

मुलगी: तर तिचं ऐकेन. फक्त तिचं. पण ती नको म्हणणार नाही, बाई. ती एकदा म्हणाली होती, त्या मुलाला आई आहे का?

बाई: हं. मग म्हणून दाखव.

मुलगी: आत्ता?

बाई: आत्ता. मी परीक्षक आहे असं समज. माइक तुझ्या हातात आलाय.

मुलगी: नमस्कार. मला या ग्राफबद्दल दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, यात चौकोन किती आहेत? आणि दुसरी, आमच्या वर्गात नोकरी…

बाई: थांब. घाई करतेस.

मुलगी: कुठे?

बाई: पहिल्या प्रश्नानंतर गप्प राहा. त्याला मोजायला वेळ दे.